विहीणबाईंसाठी पाठ केलेला शब्द

तो शब्द मी उसात पाठ केला. सकाळी पाणी सोडायच्या निमित्ताने मळ्यात जायचं, मोटर सुरू करायची आणि तिच्या आवाजाच्या आडोशाला उभं राहून म्हणायचं, यान-छी. यान-छी. फोनमधली बाई तो म्हणायची तेव्हा दोन्ही अक्षरं हळूच खाली उतरायची, पायरी चुकू नये म्हणून जपून उतरणाऱ्या माणसासारखी. माझी अक्षरं वर जायची. मला माईकवर बोलायची सवय, आणि माईकवर कुठलंही वाक्य वर नेऊनच सोडावं लागतं.

एकदा बायको मागून विळा घेऊन आली. तिने ऐकलं.

"कुणाला छी छी करताय?"

"पाय चिखलात गेला," मी म्हणालो. तेही खोटंच.

यान-छी हा कँटोनीज शब्द आहे. दया, कृपाळूपणा, असा त्याचा अर्थ फोनने दिला होता. मी आधी 'माफी' टाकून पाहिलं, पण त्यावर आलेला शब्द फारच हलका वाटला, एसटीत कुणाच्या पायावर पाय पडला तर म्हणावा तसा. मग 'दया' टाकलं, मग 'दया आणि ममता'. तेव्हा हा शब्द आला आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'औपचारिक' असं लिहिलेलं होतं. ते वाचून मला धीर आला. औपचारिक शब्दांवर माझा फार भरवसा. मुलाला किंवा सुनेला विचारलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत नीट शब्द सांगितला असता. पण मग त्यांनी विचारलं असतं, कशाला हवाय?

सून हाँगकाँगची. मुलगा तिथे नोकरीला गेला, तिथे त्यांची ओळख झाली, आणि तीन वर्षांपूर्वी पलूसजवळच्या एका मंगल कार्यालयात आम्ही त्यांचं लग्न लावून दिलं. आता नातू वर्षाचा होत आला होता. त्याचं जावळ काढायला ती दोघं गावी येणार होती आणि सोबत विहीणबाई येणार होत्या, सुनेची आई. व्याही येणार नव्हते. लग्नानंतर आठ महिन्यांनी ते वारले.

मी हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. पण आजूबाजूच्या आठ-दहा गावांत मला ओळखतात ते सूत्रसंचालक म्हणून. साखरपुडा, निवृत्तीचा समारंभ, फौजेत भरती झालेल्या पोरांचा सत्कार, सोसायटीची सभा, काहीही असो, माईक माझ्या हातात असतो. 'यथोचित सन्मान', 'ऋणनिर्देश', 'अनवधानाने कुणाचे नाव राहून गेले असल्यास क्षमस्व' ही वाक्यं मी झोपेतही म्हणू शकतो. आमच्याकडे मान द्यायचा तो टॉवेल-टोपीने. पांढरा टॉवेल खांद्यावर, पांढरी टोपी डोक्याला, हातात नारळ. ज्याला टॉवेल-टोपी मिळाली नाही तो पाहुणा वर्षभर बोलून दाखवतो.

लग्नाच्या आठ दिवस आधी मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "बाबा, तिच्या वडलांना टॉवेल-टोपी नको. त्यांच्यात मयताला आलेल्या लोकांना पांढरा टॉवेल देतात. आणि मयताच्या घरचे लोक डोक्याला पांढरं बांधतात. दोन्ही नको. फेटा बांधा, लाल, भगवा, कुठलाही. आणि तिच्या वडलांची तब्येत बरी नाही, आईला फार लागेल ते."

मी म्हणालो, "एवढं कळत नाही का मला?"

कळत होतं. फेटा बांधला, विहीणबाईंची ओटी भरली, फोटो झाले. मग मुलगा आणि सून कपडे बदलायला आतल्या खोलीत गेली आणि मी माईकवर पाहुण्यांचा मानपान सुरू केला. खाली पहिल्या रांगेत माझ्या सासुरवाडीकडचे एक पाहुणे बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "का वं, व्याही परदेशचं म्हणून नुसत्या फेट्यावर भागवलं? आमाला टावेल-टोपी आन् खुद्द व्याह्याला न्हाई?" चार लोक हसले.

त्या चार लोकांचं हसणं मला सोसलं नाही. खरं कारण एवढंच आहे, आणि मी कितीही वेळा उलटंपालटं करून पाहिलं तरी दुसरं सापडत नाही.

माझ्या शेजारी दादा उभा होता. माझा थोरला चुलत भाऊ, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. मानपानाचं ताट त्याच्या हातात होतं. मी माईकवर हात ठेवून म्हणालो, "दादा, व्याह्यांना टॉवेल-टोपी दे."

"आरं, पोरगं नको म्हणालंय न्हवं?"

"दे म्हणतो ना. लोक बघायला लागलेत."

दादाने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग फौजेत हुकूम पाळतात तसा तो गेला. मी माईकवरून जाहीर केलं की वधूपित्याचा यथोचित सन्मान आमचे ज्येष्ठ बंधू करत आहेत. दादाने व्याह्यांचा फेटा अलगद उतरवला, टोपी चढवली, खांद्यावर टॉवेल टाकला. व्याही गोड माणूस, त्यांनी हात जोडले आणि हसले. त्यांच्या शेजारी विहीणबाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी वरून बघितलं. त्यांनी टॉवेल ओढून घेतला, घडी केली, खुर्चीखाली ठेवला. मग टोपी काढली. मग नवऱ्याचा हात धरून बसून राहिल्या. मी पुढच्या पाहुण्याचं नाव पुकारलं.

अर्ध्या तासाने मुलगा माझ्यासमोर उभा होता. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"कुणी दिला तो टॉवेल?"

"दादाने," मी म्हणालो. "मी माईकवर होतो, माझं लक्षच नव्हतं."

तो तसाच दादाकडे गेला. मी त्याच्या मागे गेलो, का ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित दादा काय बोलतो हे बघायला. दादाने मुलाचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होतो.

"व्हय, माजंच चुकलं," दादा म्हणाला. "फौजी डोस्कं, दुसरं काय."

त्या दिवसापासून मुलगा दादाशी बोलला नाही. लहानपणी ज्याच्या सायकलवर बसून तो वडूजच्या आत्याकडे गेला होता, त्या काकाशी. आणि आठ महिन्यांनी व्याही गेल्याचा फोन आला तेव्हा सून रडत रडत म्हणाली की आई सारखं त्या टॉवेलचंच बोलते. डॉक्टरांनी लग्नाच्या आधीच मुदत सांगितली होती, हे मला ठाऊक होतं. टॉवेलने माणूस मरत नाही हेही ठाऊक होतं. तरी त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमात टॉवेलांचा गठ्ठा समोर आला की मला विहीणबाईंनी केलेली ती घडी आठवायची. तरीही मी ते वाटतच राहिलो.

त्यांना आणायला मी गाडीबरोबर पुण्याला गेलो. विहीणबाई बारीक चणीच्या, केस कानापर्यंत कापलेले, पाठीला लहानशी सॅक. त्यांनी बिस्किटांचा एक लाल डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. माझ्या एका हातात बॅग होती, मी तो एका हाताने घेतला. गाडी खंबाटकी ओलांडेपर्यंत मी त्याच विचारात होतो, की दोन्ही हातांनी दिलेलं एका हाताने घेणं त्यांच्यात वाईट तर नसेल?

साताऱ्याला नाश्त्याला थांबलो. विहीणबाई माझ्या समोर बसल्या होत्या. मुलगा नातवाला घेऊन हात धुवायला गेला. मला वाटलं, हीच वेळ. शब्द घशापर्यंत आला. तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, तुमी काय खाईना झालाय? बरं न्हाई व्हय?"

सुनेचं मराठी माझ्या बायकोकडून आलेलं, व्हिडिओ कॉलवर. त्यामुळे त्यात पुस्तकी काहीच नाही. हाय, न्हाई, लय, सगळं आमच्या स्वयंपाकघरातलं. एरवी ते ऐकून मला हसू येतं. त्या दिवशी मी समोरचा वडा पोटात ढकलला. कराड आलं, मलकापूर गेलं, महामार्ग सुटला, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. विहीणबाई खिडकीतून बघत होत्या. मी मनात शब्द घोळवत होतो आणि प्रत्येक वळणावर ठरवत होतो की पुढच्या वळणानंतर बोलायचं.

घरी आल्यावर दोन दिवस असेच गेले. विहीणबाईंचा घरात कुणाला भार वाटत नसे. बायकोबरोबर बसून त्या भाजी निवडायच्या, नातवाला भरवायच्या, दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींना सगळं कळायचं. माझ्याकडे बघून त्या मान लववायच्या. मी त्यापेक्षा जास्त लववायचो. मग त्या आणखी. बायको म्हणाली, "तुमची दोघांची काय कवायत चाललीय?"

जावळाच्या आदल्या दिवशी सकाळी मी पलूसला सामान आणायला गेलो. दुकानदार जुना ओळखीचा. त्याने न विचारता वही काढली. "बोला, टॉवेल-टोपी किती डझन?"

"नको," मी म्हणालो.

"नको कसं? तुमच्या घरचं कार्य आणि टॉवेल-टोपी नको? भावकी काय म्हणेल?"

मी नारळ तेवढे घेतले आणि बाहेर पडलो. पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली. तीन वर्षांपूर्वी हा एक शब्द, नको, मला म्हणता आला नव्हता, आणि आज किती सहज आला.

घरी आलो तर आमंत्रणाचा विषय निघालेला. मुलगा आईला म्हणत होता, "दादाकाकांना सांगायलाच पाहिजे का?"

"एकट्या त्यांना वगळून कसं चालेल?"

"मग सांग. पण पुढे बसवू नका. तिच्या आईसमोर नको. त्या माणसाला बघून त्यांना काय वाटेल याचा विचार करा ना जरा."

त्या माणसाला. मी नारळांची पिशवी खाली ठेवली. उद्या दादा येणार, मागे कुठेतरी जोड्यांजवळ बसणार, आणि विहीणबाई त्याच्याकडे पाहून तोंड फिरवणार. आणि मी माईक घेऊन उपस्थितांचं स्वागत करणार.

दुपारी जेवणं झाल्यावर विहीणबाई सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. सून त्यांच्या शेजारी. मुलगा खांबाला टेकून नातवाला मांडीवर थोपटत होता. बायको आत होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि हात जोडले, व्यासपीठावर जोडतो तसे.

"यान-छी," मी म्हणालो.

विहीणबाईंनी लेकीकडे पाहिलं. मला वाटलं चुकला उच्चार. मी अक्षरं खाली उतरवत पुन्हा म्हणालो. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी काहीतरी विचारलं.

"आई विचारती, कोनाची यान-छी? कोनावर?"

"माझ्यावर. माझ्यावर करा म्हणावं."

सुनेला हसू आलं. तिने तोंडावर हात घेतला. "बाबा, ह्यो शब्द कुठनं काढला तुमी? लय मोठा हाय ह्यो. राजाला म्हनत्यात. देवाला म्हनत्यात. पुस्तकात असतोय. घरात कोन न्हाई म्हनत."

"तुझ्या आईला सांग," मी म्हणालो, "की लग्नात तुझ्या वडलांना टॉवेल-टोपी दादाने आपल्या मनाने दिली नाही. मी द्यायला लावली. मला आधी सांगितलेलं होतं, तरी मी लावली. दादा नको म्हणत होता. लोक हसले म्हणून मी लावली. आणि नंतर मी खोटं बोललो."

ती भाषांतर करायला वळली. पहिलं वाक्य तिने अर्धं केलं असेल, मग ती थांबली. पुन्हा माझ्याकडे वळली. हसू गेलं होतं.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. प्रत्येक वाक्य तोडून, सावकाश. माझं पाप माझ्याच सुनेच्या तोंडून दुसऱ्या भाषेत जात होतं आणि त्यातला एकही शब्द मला ओळखता येत नव्हता. ती सांगत होती तेव्हा तिचा आवाज एकदा फुटला. मी मुलाकडे पाहिलं नाही. त्याचं थोपटणं थांबलं होतं, एवढं मात्र मला ऐकू आलं.

विहीणबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं. मग त्या बोलायला लागल्या, खालच्या आवाजात, आणि सून एकेक वाक्य माझ्याकडे देत गेली.

"आई म्हनती, माझे बाबा आधीच आजारी होते. टॉवेलनं काय झालं न्हाई, हे तिला कळतंय. पर राग आला होता. अजून येतो. कवा कवा सकाळी उठल्या उठल्या येतो." सून थांबली, आईचं पुढचं ऐकलं. "ती म्हनती, यान-छी वरचा मानूस खालच्याला देतो. ती तुमच्या वर न्हाई. ह्या पोराची ती आजी, तुमी आजोबा. ती कुठनं देनार?"

मी हात जोडून तसाच उभा होतो. शब्द एकच आणला होता आणि तो परत आला होता.

"मग काय करू?" मी विचारलं. "तुमच्यात काय करतात?"

त्यांनी दोन्ही हातांनी कप धरल्यासारखं करून दाखवलं.

"आमच्यात चहा देत्यात," सून म्हणाली. "चूक केली तर सवता करायचा, सवता द्यायचा, दोन हातानं. समोरच्यानं पिला तर झालं."

मी आत जायला वळलो. विहीणबाईंनी मागून एक शब्द टाकला, जरा चढ्या आवाजात. त्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"थांबा," सून म्हणाली. "आधी तिला न्हाई. ज्येंच्यावर घातलं त्येंच्याकडं जावा आधी." आणि मग सुनेने आईचं शेवटचं वाक्य सांगितलं, माझ्याकडे न बघता. "ती विचारती, तीन वरसं ह्याच गावात ऱ्हाताय. तिच्यासाठी शब्द शिकला, आन् त्येंच्याकडं का न्हाई गेला?"

याचं उत्तर मला उभ्या उभ्या कळलं, पण मी दिलं नाही. दादाकडे जायला शब्द शिकायची गरज नव्हती, म्हणून गेलो नाही. परक्या भाषेतला शब्द तोंडात धरला की त्याचं वजन लागत नाही. दादासमोर 'माझं चुकलं' म्हणायचं तर त्यातलं प्रत्येक अक्षर मला कळणार होतं, आणि त्यालाही.

स्वयंपाकघरात बायको ओट्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"साखरेचा डबा तो निळा," ती म्हणाली. मी चहा ठेवला, चोपन्नाव्या वर्षी, आयुष्यात बहुतेक पाचव्यांदा. दूध उतू गेलं. तिने पुसलं नाही, मला पुसू दिलं. ओतताना ती हळूच म्हणाली, "मला वाटत होतंच. दादा आपल्या मनानं टोपी उचलणारा माणूस न्हवं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हणून."

किटली घेऊन बाहेर आलो. मुलगा नातवाला सुनेकडे देऊन उभा राहिला होता. तो मला वाट द्यायला सरला आणि म्हणाला, "बाबा, मी त्यांच्याशी तीन वर्षं बोललो नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं.

दादाचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. भर दुपार, तरी कट्ट्यावर दोघं-तिघं होते. हातात किटली आणि दुसऱ्या हातात कपांची जोडी घेऊन चाललेल्या मला बघून त्यांचं बोलणं थांबलं. एकजण उठून उभा राहिला. मला वाटलं, बातमी एवढ्यात पसरली की काय. मी मान खाली घालून चालत राहिलो.

दादा अंगणात ठिबकची नळी पसरून तिची भोकं साफ करत होता. त्याने वर पाहिलं, किटली पाहिली आणि हातातली सुई टाकून उभा राहिला.

"कोण गेलं?"

मला कळलं नाही.

"आरं कोण गेलं? कुणाच्या घरचं?"

आतून वहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या. किटलीकडे बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आवं, कोण गेलं? माझ्या भावाचा फोन आला का तुमच्याकडं? बोला की!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. मग भावकीतला कुणीतरी किटलीत चहा घेऊन त्या घरी जातो. दुसऱ्याच्या घरी किटली घेऊन जायची आमच्या गावात तेवढी एकच वेळ. कट्ट्यावरचा माणूस उठून उभा राहिला तो त्यासाठी. वहिनींचा भाऊ इस्लामपूरच्या दवाखान्यात होता, हे मला माहीत होतं. आठवलं नव्हतं.

"कुणी नाही गेलं," मी म्हणालो. "वहिनी, कुणी नाही. सगळे बरे आहेत."

त्या उंबऱ्यावर खाली बसल्या. छातीवर हात, पिठाचा पंजा लुगड्यावर उमटला. श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "मग भरल्या घरात ह्यो मयताचा चहा कशाला आणला? डोकं फिरलंय का तुमचं?"

असा चेहरा मी लग्नात वरून बघितला होता आणि पुढचं नाव पुकारलं होतं.

मी किटली जमिनीवर ठेवली. "दादा, माझं चुकलं," मी म्हणालो. "टॉवेलचं. मी पोराला सांगितलं. आज, सगळ्यांसमोर."

दादाने पायाने नळी बाजूला सारली. "आज व्हय," तो म्हणाला. "तीन वरसं काय चप्पल तुटली हुती?"

"भीती वाटायची."

"कशाची? बॉर्डर सोडून घरी आलोय न्हवं मी, मला भितुयास?" मग जरा थांबून, "काय म्हणलं पोरगं?"

"एवढंच म्हणाला, की तीन वर्षं तुझ्याशी बोललो नाही."

"मी तरी कुठं बोललो? माज्यागत झालंय त्येचं." त्याने हात पुसले. "आण तो चहा. गार व्हायच्या आत."

मी ओतला आणि दोन्ही हातांनी धरला. दादाने कपाकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"ही कुठली तऱ्हा?"

"विहीणबाईंनी सांगितली. त्यांच्यात चूक केलेला माणूस असा देतो."

दादा हसला नाही. त्यानेही दोन्ही हात पुढे केले आणि कप घेतला. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "साखर किती घातलीस रं? मुंगळं लागतील मला." पण प्यायला. सगळा प्यायला, आणि रिकामा कप माझ्या हातात देताना म्हणाला, "माझं काय न्हाई गड्या. मला ठावं हुतं कुणाचं काय ते. हिचं बघ."

मी दुसरा कप भरला आणि उंबऱ्यापाशी गेलो. वहिनी उठून आत गेल्या होत्या, परातीसमोर बसल्या होत्या. मी वाकून त्यांच्यापुढे कप धरला.

"ठेवा तिथं," त्या म्हणाल्या.

मी परातीशेजारी ठेवला.

"तीन वरसं मी ह्यास्नी बोलतीया," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "की तुमच्या हातनं त्या पोराच्या सासऱ्याला अपशकून झाला, तुमास्नी अक्कल न्हाई, तुमच्यापायी पोरगं तुटलं. जेवताना बोलले, रानातनं आल्यावर बोलले. ह्यो माणूस एका शब्दानं न्हाई बोलला, की तुमी खोटं बोलला म्हणून. आन् तुमी दर दिवाळीला इथं यिऊन ह्याच जाग्यावर बसून माझ्या हातचं खाऊन गेला."

मी त्या जागेकडे बघितलं.

"ते मी केलेलं बोलणं कोण परत घेणार? तुमी घेणार?"

"नाही घेता येणार," मी म्हणालो.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. बाहेर दादा कुणाला तरी सांगत होता की आरं कुणी गेलं न्हाई, चहा आणलाय नुसता, जावा घरी. कट्ट्यावरचे लोक दारापर्यंत आले असावेत. मग मला मुलाचा आवाज ऐकू आला. तो दादाला काहीतरी विचारत होता, अगदी हळू, आणि दादा म्हणत होता, "बस की खाली. उभा कशाला ऱ्हायलायस?"

वहिनींनीही तो आवाज ऐकला. त्यांचा हात थांबला. त्या दाराकडे बघत राहिल्या आणि तव्यावरच्या भाकरीला एका बाजूला डाग पडला. मग त्यांनी ती उलटली, डोळ्यांना पदर लावला आणि पुढचा उंडा घेतला.

"उद्या येईन मी जावळाला," त्या म्हणाल्या. "पोरासाठी."

"या," मी म्हणालो.

मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. विहीणबाई घरी सोप्यात बसल्या असतील, त्यांचा कप अजून व्हायचा होता, पण इथलं झाल्याशिवाय तिकडे जाता येत नव्हतं. वहिनींच्या पाच भाकरी झाल्या, सहावी झाली. परातीशेजारच्या चहावर साय धरली होती, आणि कपाला अजून कुणी हात लावला नव्हता.